जुन्याला खोली द्यावी, घराची किल्ली नाही

(तळेगाव दाभाडे येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघांनी मला फोन करून विचारलं, "सर, पत्रिकेत छपाईची चूक झालीय का?" आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कॉम्प्युटरच्या जुन्या प्रोसेसरवर काय बोलणार, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. चूक झालेली नाही. मी इंजिनिअर नाही. सोल्डरिंगची कांडी कधी हातात धरलेली नाही. पण ग्रंथाची समीक्षा होते तशी यंत्राच्या रचनेचीही होऊ शकते, असं मला वाटतं. रचना म्हणजे कुणीतरी घेतलेले निर्णय. निर्णय म्हटला की त्यामागे काहीतरी गृहीत धरलेलं असतं. आणि गृहीत काय धरलंय ते बाहेर काढणं हा तर आमचा धंदाच.

विषयाकडे मी आलो तो मात्र एका अडचणीमुळे. माझ्या कपाटात फायलींचे दोन गठ्ठे आहेत. गठ्ठे म्हणजे पूर्वी फ्लॉपीवर होत्या, नंतर सीडीवर घेतल्या, त्या. पहिला १९९३ सालचा, न्यायदर्शनावरची माझी टिपणं. दुसरा १९९८ सालचा. त्यात माझ्या गुरूंशी झालेली संभाषणं आहेत, त्यांच्या शेवटच्या वर्षातली. टेपवरून उतरवून, टाइप करून ठेवली आणि टेप पुन्हा दुसऱ्या कामाला वापरल्या. त्या वेळी कॅसेट महाग वाटायची. असो. दोन वर्षांपूर्वी नातवाच्या मित्राला मी दोन्ही गठ्ठे दिले. पहिला गठ्ठा त्याने एका दुपारी मोबाइलवर वाचता येईल असा करून दिला. दुसरा उघडला तर पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांची नुसती खिचडी. म्हणजे पाच वर्षांनी जुना असलेला गठ्ठा जिवंत, आणि नवा मेलेला. असं का व्हावं? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी प्रोसेसरपर्यंत पोचलो. गठ्ठ्यांकडे शेवटी परत येऊ.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला, बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. नव्या यंत्रावर जुने प्रोग्रॅम, काहीही न बदलता, चालले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा, मल्टिटास्किंग. एकाच यंत्रावर एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालणं. खरं तर प्रोसेसर एक असेल तर तो एका क्षणी एकाचंच काम करतो, पण इतक्या भराभर पानं वाढतो की प्रत्येकाला वाटावं, वाढपी आपल्याच पंगतीला आहे.

दोन्ही गोष्टी चांगल्या. जाहिरातीत दोन्ही शेजारीशेजारी लिहिलेल्या असायच्या. माझं पहिलं म्हणणं हे की, या दोन गोष्टींचं मुळात एकमेकींशी वैर आहे. ते कसं ते बघा.

१९७८ साली इंटेल कंपनीने ८०८६ नावाचा प्रोसेसर काढला. त्याचा धाकटा भाऊ ८०८८ हा १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये बसला. या प्रोसेसरला साधारण दहा लाख, नेमकं सांगायचं तर १०,४८,५७६ बाइटांची मेमरी दिसायची. तिच्यावर जो प्रोग्रॅम चालेल तो त्या सगळ्या मेमरीचा धनी. पडद्यावर काही लिहायचंय? पडद्याची मेमरी कुठे आहे ते ठाऊक होतं, थेट तिथे जाऊन लिहा. कीबोर्डवर कळ दाबली का? गोल गोल फिरत विचारत राहा. अडवणारं कुणी नाही. घरात एकटाच माणूस राहत असेल तर तो दारं कशाला लावेल?

त्या काळच्या हजारो प्रोग्रॅमांच्या मनात, म्हणजे त्यांच्या रचनेत, एक श्रद्धा मुरलेली होती : 'यंत्रावर मी एकटा आहे.' ही श्रद्धा कुठल्याही ओळीत लिहिलेली नव्हती, पण प्रत्येक ओळ तिच्यावर उभी होती. आता मल्टिटास्किंगची पहिली अट काय? 'यंत्रावर कुणीही एकटा नाही.' वैर आहे ते इथे. जुन्याला तसंच चालू द्यायचं म्हणजे त्याची एकटेपणाची श्रद्धा सांभाळायची. अनेकांना एकत्र नांदवायचं म्हणजे नेमकी तीच मोडायची.

या पेचातून वाट काढायचा पहिला प्रयत्न म्हणजे १९८२चा ८०२८६. आज मी ज्याच्यावर टीका करणार आहे तो मुख्यतः हा. त्याच्यात दोन अवस्था होत्या. त्यांना मोड म्हणतात. एक रिअल मोड : यात तो हुबेहूब ८०८६सारखा वागायचा, फक्त जास्त वेगाने. दुसरा प्रोटेक्टेड मोड : यात त्याला एक कोटी साठ लाखांहून जास्त बाइट दिसायचे, प्रोग्रॅमांमध्ये भिंती असायच्या, अधिकाराच्या चार पायऱ्या असायच्या. एकाने दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवला तर प्रोसेसरच त्याला अडवायचा. मल्टिटास्किंगला लागणारं सगळं तिथे होतं.

मग अडचण कुठे आली? शब्दांच्या अर्थात. ८०८६वर मेमरीचा पत्ता दोन आकड्यांनी सांगायचा. पहिल्याला सेगमेंट म्हणत. या आकड्याला सोळाने गुणायचं, दुसरा आकडा त्यात मिळवायचा, की पत्ता हाती आला. म्हणजे सेगमेंटचा आकडा ही प्रत्यक्ष जागा होती. ८०२८६च्या प्रोटेक्टेड मोडमध्ये सेगमेंटचा आकडा तोच, ठेवायची जागा तीच, पण अर्थ निराळा. आता तो झाला एका यादीतला अनुक्रमांक. खरी जागा त्या यादीत, आणि यादी ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात. जुना प्रोग्रॅम बिचारा त्या आकड्यात एक मिळवायचा, म्हणजे आपण सोळा बाइट पुढे सरकू. नव्या अर्थाने तो सरकायचा यादीतल्या भलत्याच नोंदीकडे, आणि कोसळायचा. भाषेच्या तत्त्वज्ञानात आम्ही विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगत असू की, शब्द सारखा दिसतो म्हणून अर्थ सारखा मानू नका. त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात कधी सापडलं नाही.

थोडक्यात, जुने प्रोग्रॅम फक्त रिअल मोडमध्ये, आणि मल्टिटास्किंग फक्त प्रोटेक्टेड मोडमध्ये. बरं, निदान दोहोंत ये-जा करावी? तर जायची सोय होती, यायची नव्हती. प्रोटेक्टेड मोडमधून रिअल मोडमध्ये परतायचा एकच मार्ग होता : प्रोसेसर रिसेट करणं. डिझायनरांच्या बाजूने तर्क असा की, यंत्र सुरू होताना एकदाच वरच्या मोडमध्ये जायचं आणि तिथेच राहायचं. परतीचा दरवाजा ठेवला तर भिंतींना अर्थ काय उरला? तर्क म्हणून हे निर्दोष आहे. फक्त त्यात जुने प्रोग्रॅम वापरणारी माणसं नाहीत.

आपल्या भागातलं उदाहरण देतो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या खाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ इतका अवघड होता की रूळ सरळ वर नेता येईनात. गाडी तिथे थांबायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवा मार्ग झाला तोवर हे असंच चाललं. ८०२८६वर जुन्या आणि नव्याच्या मध्ये असंच स्टेशन होतं. फरक एवढाच की, घाटात इंजिन सुटायचं, आणि इथे थेट त्याचा विस्तव विझवून पुन्हा पेटवावा लागायचा.

१९८४च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये हे कसं करत ते ऐकण्यासारखं आहे. बॅटरीवर जिवंत राहणारी एक छोटी मेमरी असते, तिच्यात एक खुणेचा आकडा लिहून ठेवायचा. मग कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला विनंती करायची की, बाई, प्रोसेसरला रिसेट कर. प्रोसेसर 'मरायचा', पुन्हा जन्म घ्यायचा, जागा झाल्यावर ती खूण बघायचा आणि म्हणायचा, अरे, आपण नव्याने सुरू झालेलो नाही, अर्धवट काम टाकून आलोय. आणि तिथून पुढे. पूर्वजन्मीची चिठ्ठी वाचून या जन्मीचा व्यवहार! मी वर्गात व्यक्तीच्या सातत्याचा प्रश्न शिकवायचो, स्मृती उरली तर माणूस तोच का, वगैरे. आयबीएमच्या इंजिनिअरांनी तो प्रश्न एका बाइटात सोडवला होता.

१९८७ साली आलेल्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमला ही सर्कस प्रत्यक्ष करावी लागली. तिच्यात नवे प्रोग्रॅम एकत्र नांदायचे, पण जुन्या डॉस प्रोग्रॅमला जागा एकच. दुसरा जुना प्रोग्रॅम हवा असेल तर पहिला बंद करा. शिवाय तो बिघडला तर सगळं यंत्र घेऊन बसायचा, कारण रिअल मोडमध्ये भिंतीच नाहीत.

इथे एक उपकथा सांगतो. ८०८६वर पत्ता दहा लाखांच्या पलीकडे गेला की तो गिरकी घेऊन पुन्हा शून्यावर यायचा. वीसच तारा होत्या, एकविसावा आकडा लिहायला जागाच नव्हती. काही प्रोग्रॅम या गिरकीवर विसंबून होते. ८०२८६ला चोवीस तारा, त्यामुळे गिरकी गेली आणि ते प्रोग्रॅम बिघडले. मग आयबीएमने काय केलं? एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं, हवं तेव्हा ती तार दाबून ठेवणारं. त्या फाटकाची कळ कुणाकडे दिली? पुन्हा त्याच कीबोर्डच्या चिपकडे, कारण तिची एक पिन रिकामी होती. (हशा) हसू येतं, पण यात एक गंभीर मुद्दा आहे. गिरकी हे काही दिलेलं वचन नव्हतं, ती त्या यंत्राची मर्यादा होती. लोकांनी मर्यादेचीही सवय करून घेतली आणि पुढच्याला ती सवय पाळावी लागली. जुन्याशी सुसंगत राहायचं म्हटलं की वचनं पाळून भागत नाही. सवयी आणि व्यंगंही वारशात येतात. घरोघरी हाच अनुभव आहे, नाही का?

आता ८०३८६. साल १९८५. मेमरीची झेप मोठी, चारशे कोटींहून जास्त बाइटांची. लोक तिचंच कौतुक करतात. माझ्या दृष्टीने त्यातली थोर कल्पना दुसरी आहे : व्हर्च्युअल ८०८६ मोड.

ही कल्पना अशी. जुन्या प्रोग्रॅमला त्याचं दहा लाख बाइटांचं जग जसंच्या तसं द्यायचं. सेगमेंटला सोळाने गुणायचं गणित तेच, पडद्याची मेमरी त्याच पत्त्यावर. पण हे जग खऱ्या मेमरीत कुठे आहे ते प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवणार, चार-चार हजार बाइटांच्या पानांनी. आणि या प्रोग्रॅमला अधिकार सगळ्यांत खालचा. त्याने एखादा मालकीहक्काचा हुकूम सोडला, समजा सगळे व्यत्यय बंद करा म्हणाला किंवा एखाद्या उपकरणाशी थेट बोलायला गेला, की प्रोसेसर हळूच थांबून ऑपरेटिंग सिस्टिमला विचारणार, "हा असं म्हणतोय, काय करू?" ती ठरवणार. मग जुन्याला उत्तर मिळणार : "झालं, मालक." अशी जगं कितीही निर्माण करता येतात. प्रत्येक जुना प्रोग्रॅम आपापल्या खोलीत सम्राट.

शांकर वेदान्तात व्यावहारिक सत्ता आणि पारमार्थिक सत्ता असा भेद आहे. व्यवहारात जग खरंच असतं, तिथले नियम पाळावेच लागतात, पण अंतिम सत्य दुसरं. उपमा फार ताणत नाही. तरी ८०३८६ने नेमकं असंच केलं : जुन्याची समजूत व्यवहारात खरी ठेवली आणि अंतिम अधिकार तिच्याकडून काढून घेतला. ८०२८६ म्हणाला, एक तर तू राहा किंवा आम्ही. ८०३८६ म्हणाला, तुझी खोली तुला, घराची किल्ली मात्र माझ्याकडे.

म्हणजे ८०३८६ निर्दोष का? तसंही नाही. दोन दोष सांगतो.

पहिला दोष. समजूत सांभाळली की तिचे परिणामही सांभाळावे लागतात. मघाशी म्हटलं तसं, जुना प्रोग्रॅम कळ दाबली जाण्याची वाट बघताना गोल गोल फिरत राहायचा. एकटा असताना यात कुणाचं नुकसान नव्हतं. आता त्याच्या वाट्याला आलेला वेळ तो त्या फिरण्यात घालवतो आणि शेजारचा खोळंबतो. बाहेरून बघणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला चटकन कळत नाही की हा काम करतोय की नुसता थांबलाय. निव्वळ वाट बघणं आणि काम करणं यांतला फरक बाहेरून दिसत नाही, हे कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरा दोष प्रोसेसरचा नाही, त्याच्यावर घर बांधणाऱ्यांचा. ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आलं. नव्या ३२ बिट प्रोग्रॅमांमध्ये वेळेची वाटणी सक्तीची : वेळ संपली की उठा. पण विंडोजचे जुने १६ बिट प्रोग्रॅम एकाच खोलीत एकत्र, आणि तिथली वाटणी सौजन्याची : आपणहोऊन उठलात तर पुढच्याचा नंबर. इथवरही ठीक. पण चित्रं काढणं, खिडक्या सांभाळणं यातला बराचसा भाग अजून जुन्याच १६ बिट लिखाणात होता, आणि त्या भागाला कुलूप होतं एकच. जुना प्रोग्रॅम चालत असताना कुलूप त्याच्याकडे. तो अडकला तर किल्ली त्याच्या खिशात, आणि अगदी नवे प्रोग्रॅमसुद्धा दाराशी रांगेत. ८०३८६ने जुन्याकडून घराची किल्ली काढून घ्यायची सोय दिली होती. विंडोज ९५ने मेमरी आणि वेग वाचवण्यासाठी ती पुन्हा जुन्याच्या हाती दिली. त्या काळी यंत्र गोठायचं तेव्हा आपण 'व्हायरस आला असेल' म्हणायचो. पुष्कळदा तो व्हायरस नव्हता, ती घरातली वाटणी होती.

इथे तुमच्यातला एखादा तरुण म्हणेल, "सर, एवढा व्याप करण्यापेक्षा जुनं सगळं टाकून नवंच का नाही केलं?" केलं ना. आणि त्याचा एक मोठा प्रयोग इथून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात झाला.

अमेरिकेने ताकदवान महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. १९९१ साली तिथून 'परम ८०००' बाहेर पडला. त्यात जे प्रोसेसर होते ते इंटेलचे नव्हते. ते होते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर. या ट्रान्सप्यूटरवर कुठल्याही जुन्याचं ओझं नव्हतं. मल्टिटास्किंग त्याच्या सिलिकॉनमध्येच होतं. कुणाचा नंबर आता आणि कुणाचा नंतर, ही रांग प्रोसेसर स्वतः सांभाळायचा, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत बसायचा नाही. एका कामावरून दुसऱ्या कामावर जायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासचा वेळ लागायचा. शेजारच्या ट्रान्सप्यूटरशी बोलायला चार जोडण्या अंगावरच.

आणि त्याच्यासाठी जी भाषा बनवली तिचं नाव ऑकम! चौदाव्या शतकातला विल्यम ऑफ ऑकम, म्हणजे आमच्याच गोत्रातला. त्याचं तत्त्व तुम्हाला ठाऊक असेल : गरजेपेक्षा जास्त गोष्टी गृहीत धरू नका. त्यालाच ऑकमचा वस्तरा म्हणतात. ट्रान्सप्यूटर म्हणजे त्या वस्तऱ्याने गुळगुळीत केलेला प्रोसेसर. मला तो फार आवडतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी जपून बोललं पाहिजे.

वस्तऱ्याने दोन गोष्टी कापल्या. एक, भिंती. परम ८०००मध्ये वापरलेल्या पिढीच्या ट्रान्सप्यूटरमध्ये एका कामाची मेमरी दुसऱ्यापासून राखायची सोयच नव्हती. तो इतका चपळ होता याचं एक कारण हे. सगळे एकमेकांवर विश्वास टाकून राहत होते. एकाच गटाने विचारपूर्वक लिहिलेला, हवामानाचं किंवा भौतिकशास्त्राचं गणित करणारा प्रोग्रॅम असेल तर हा विश्वास रास्त आहे. बाजारातून आणलेले, अनोळखी माणसांनी लिहिलेले दहा प्रोग्रॅम एकत्र नांदवायचे असतील तर नाही. आश्रमात दारं उघडी ठेवता येतात, धर्मशाळेत नाही.

दुसरी कापलेली गोष्ट म्हणजे पूर्वज. आणि ज्याला पूर्वज नाहीत त्याला वंशजांचीही हमी नसते. पुढचा ट्रान्सप्यूटर, टी ९०००, रखडला आणि ती मालिकाच थांबली. जगभर ज्यांनी ट्रान्सप्यूटरसाठी लिहिलं होतं त्यांच्यापुढे प्रश्न आला, आता याचं काय करायचं?

सी-डॅकने इथे जे केलं त्याला मी दाद देतो. पुढच्या परम ८६००मध्ये त्यांनी इंटेलचा आय८६० हा अगदी वेगळा प्रोसेसर घेतला, ट्रान्सप्यूटर बरोबर ठेवले. पण प्रोग्रॅम लिहिण्याचं वातावरण, त्याचं नाव पारस, दोन्ही यंत्रांवर तेच ठेवलं. त्यामुळे एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर नेता येत होतं. पुढे १९९४च्या परम ९०००ची मांडणीच अशी केली की नवनवे प्रोसेसर त्यात बसवता यावेत. मतितार्थ असा : सुसंगती चिपमध्येच असली पाहिजे असं नाही. ती वरच्या मजल्यावर ठेवता येते. पण कुठल्या तरी मजल्यावर ठेवावी लागते, आणि तो मजला कोणता हे आधी ठरवावं लागतं.

आता त्याच सी-डॅकमधली अगदी उलट टोकाची गोष्ट. जिस्ट कार्ड. हे काम सुरू झालं आयआयटी कानपूरला आणि वाढलं पुण्यात. कल्पना अशी की, पीसीमध्ये एक कार्ड बसवायचं आणि इंग्रजीसाठी बनलेल्या डॉसच्या प्रोग्रॅमांत मराठी लिहायचं. डीबेस, लोटस १-२-३ हे अमेरिकेत लिहिलेले प्रोग्रॅम. त्यांना देवनागरी म्हणजे काय याची गंधवार्ता नव्हती. त्यांचा एक अक्षरही न बदलता त्यांच्यात मराठी नावं भरता येत होती.

हे जमलं कसं? एका बाइटात २५६ चिन्हं मावतात. पहिली १२८ इंग्रजीच्या ठरलेल्या आस्की संकेताची. ती तशीच ठेवली. वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्यांचे वर्ण बसवले. या संकेताचं नाव इस्की. भारतीय मानक म्हणून १९९१ साली तो पक्का झाला. यात 'क' हा क आहे, वेलांटी ही वेलांटी. जोडाक्षर कसं दिसावं हे फायलीत लिहिलेलं नाही, ते दाखवायचं काम कार्डाचं. जुन्या प्रोग्रॅमला वाटायचं आपण नेहमीसारखी अक्षरंच पाठवतोय. त्याची समजूत कायम, आणि पडद्यावर 'ज्ञानेश्वर'. ८०३८६ची युक्ती आणि जिस्टची युक्ती एकाच जातीच्या आहेत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

विंडोज आलं तसं पडद्यावर अक्षर काढायचं काम प्रोग्रॅम स्वतःच करू लागले, आणि कार्डाची गरज संपली. यंत्र गेलं. पण संकेत राहिला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणून इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये नेणं सोपं.

माझा १९९३चा गठ्ठा अशा कार्डावर लिहिलेला होता. म्हणून तो एका दुपारीत जिवंत झाला.

आणि १९९८चा? तो विंडोजवर, त्या वेळच्या एका डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये. नाव सांगत नाही, सांगून काही साधणार नाही, बहुतेकांची तीच तऱ्हा होती. तिथे फायलीत वर्ण नव्हतेच, अक्षरांचे तुकडे होते : काना, अर्धा स, रफार. तेही इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले. प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी, कधी एकाच कंपनीच्या दोन फाँटची निराळी. तो फाँट असेपर्यंत मराठी, फाँट गेला की डॉलरची चिन्हं. दिसायला मात्र ते जिस्टपेक्षा कितीतरी देखणं होतं! मीच हौसेने ते निवडलं होतं. छापील पान सुंदर आलं की विषय संपला, असं मला वाटलं. अर्थ कुठे ठेवलाय, हे मी विचारलं नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने विचारलं नाही.

सुदैवाने त्या संभाषणांची अकरा पानं मी तेव्हा छापून ठेवली होती. नातवाचा तो मित्र आणि मी, एकीकडे छापील पान आणि एकीकडे फायलीतली चिन्हं असं घेऊन बसतो आणि कुठलं चिन्ह म्हणजे कुठला तुकडा याची यादी करतो. बरीचशी यादी झाली आहे. काही जोडाक्षरं त्या अकरा पानांत आलेलीच नाहीत, ती संदर्भाने ओळखावी लागतात. एके ठिकाणी गुरुजी म्हणतात, "हे मला पटलेलं नाही", की "हे मला कळलेलं नाही"? मधला तुकडा लागत नाही. त्यांचं आयुष्यभराचं मत की शेवटची कबुली, हे एका अक्षरावर अडलं आहे. विचारायला ते नाहीत.

म्हणून समारोप करताना दोनच गोष्टी सांगतो.

इंटेलच्या या प्रोसेसरांना 'भंगारावर रचलेला इमला' म्हणणारे इंजिनिअर मला भेटतात. त्यांचं सौंदर्याचं म्हणणं खरं आहे. पण हे भंगार लोकांच्या कामाचं आहे. कुणाचे हिशेब, कुणाचं संशोधन, कुणाची पत्रं. जुनं चालत ठेवण्याचा खर्च नव्या इंजिनिअरवर पडतो, म्हणून तो ओरडतो. जुनं मोडण्याचा खर्च ज्याच्यावर पडतो तो बहुधा ओरडायला तिथे नसतो. हिशेब मांडताना त्यालाही धरा, एवढंच माझं मागणं आहे.

याचा अर्थ जुनं कायमचं पोसत राहा असा मी लावत नाही. २००३ साली एएमडीने ६४ बिटांची रचना आणली, तिच्या मुख्य मोडमध्ये तो थोर व्हर्च्युअल ८०८६ मोड उरलेला नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. पण तोवर यंत्रं इतकी वेगवान झाली होती की डॉसबॉक्ससारखा एक प्रोग्रॅम ते सगळं जुनं यंत्र सोंगासारखं उभं करतो. खोली पाडली, पण आधी दुसरीकडे सोय झाली होती. हा क्रम महत्त्वाचा. आधी सोय, मग पाडकाम.

तुमच्यातही अनेकांच्या घरी अशा फायली असतील. वडिलांच्या आठवणी, आईच्या कविता, संस्थेची इतिवृत्तं. या आठवड्यात त्या उघडून बघा. डॉलरची चिन्हं दिसली तर फाइल टाकू नका. आणि घरात त्या फायलीतलं एखादं छापील पान असेल तर ते आधी शोधून जपून ठेवा. आमची सगळी भिस्त तशा अकरा पानांवर आहे.